गर्भस्थ बालकाच्या वाढीची देखरेख : मराठवाड्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

गरोदर स्त्रीच्या उदरातील बालक डोळ्यांना दिसत नाही. त्याची वाढ नीट होत आहे की नाही, हे अप्रत्यक्ष खुणांवरूनच ओळखावे लागते. या खुणा कोणी पाहाव्यात, कशाने मोजाव्यात आणि त्यांची नोंद कोणाजवळ राहावी, या तीन प्रश्नांची उत्तरे काळानुसार बदलत गेली. कधी घरातील वडीलधारी स्त्री, कधी सुईण, कधी डॉक्टर, कधी परिचारिका, तर कधी यंत्राचा पडदा या ज्ञानाचा अधिकारी ठरला. या बदलाचा इतिहास वैद्यकशास्त्राबरोबरच स्त्रीजीवनाच्या, श्रमाच्या आणि राज्यव्यवस्थेच्या इतिहासाशीही निगडित आहे.

नांदेड जिल्ह्यातील किनवट तालुक्यात पैनगंगेच्या परिसरात वसलेले इस्लापूर हे या इतिहासाचा विचार करण्यासाठी अर्थपूर्ण ठिकाण आहे. गोंड, कोलाम, आंध, बंजारा आणि इतर शेतकरी-शेतमजूर समाज या भागात शेजारी-शेजारी राहतात. मराठी, तेलुगू, गोंडी, कोलामी आणि बंजारा बोली येथे कानावर पडतात. मुंबई-पुण्यात जन्मलेल्या वैद्यकीय सुधारणा अशा भागात केव्हा, कोणत्या क्रमाने आणि कोणत्या स्वरूपात पोहोचल्या, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. वाढ ही दोन नोंदींमधील फरकातून कळते. म्हणून गर्भाच्या देखरेखीचा खरा आधार नोंदीच्या सातत्यात आहे, आणि मराठवाड्यात नेमके हे सातत्यच खंडित होत आले आहे, असे प्रतिपादन येथे करण्यात आले आहे.

१. लोकपरंपरेतील गर्भवाढीची गणना

आधुनिक तपासणी येण्यापूर्वी गर्भाकडे लक्ष दिले जात नव्हते, असे मानणे चुकीचे ठरेल. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात गर्भाच्या वाढीचे महिन्यागणिक वर्णन आढळते. चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होते आणि त्यामुळे गर्भिणी दोन हृदयांची, म्हणजे 'दौहृदिनी' होते, अशी त्यातील कल्पना आहे. या कल्पनेशी जोडलेल्या 'दोहद' शब्दापासून मराठीतील 'डोहाळे' हा शब्द आला. स्त्रीला जे खावेसे वाटते ती गर्भाचीच मागणी आहे, हा विचार डोहाळेजेवणाच्या विधीमागे आहे. आईच्या इच्छेतून बालकाची अवस्था ओळखण्याची ही रीत होती.

कालगणनेतही लोकज्ञान बरेच नेमके होते. 'नऊ महिने नऊ दिवस' हा मराठीतील रूढ शब्दप्रयोग आधुनिक गणनेच्या अगदी जवळ जातो. शेवटच्या मासिक पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस, म्हणजे नऊ महिने व सुमारे सात दिवस, असा प्रसूतीचा अंदाज आज बांधला जातो. ग्रामीण स्त्री ही तारीख इंग्रजी महिन्यांत सांगत नाही. 'पोळ्याच्या आधी' किंवा 'संक्रांत झाल्यावर' अशा शब्दांत सांगते. आरोग्यसेविकांनाही पाळीचा दिवस सणांच्या आधाराने विचारावा असेच शिकविले जाते. पहिल्या खेपेस साधारण पाचव्या महिन्याच्या सुमारास जाणवणारी बाळाची हालचाल ही दुसरी खूण होती, आणि आजही बाळाची हालचाल मंदावणे हा धोक्याचा इशाराच मानला जातो.

तथापि या ज्ञानाच्या मर्यादाही स्पष्ट होत्या. सातव्या महिन्यात जन्मलेले मूल जगते पण आठव्या महिन्यातील जगत नाही, ही समजूत महाराष्ट्रात सर्वत्र आढळते. प्रत्यक्षात गर्भाशयात घालवलेल्या प्रत्येक वाढीव आठवड्यागणिक बालकाच्या जगण्याची शक्यता वाढते. जास्त खाल्ल्याने बाळ मोठे होऊन बाई अडेल, या भीतीने शेवटच्या महिन्यांत आहार कमी करण्याची प्रथाही होती. 'पायाळू' हा शब्द तर फारच बोलका आहे. पायाकडून जन्मलेल्या व्यक्तीला आयुष्यभर हे विशेषण चिकटते. म्हणजे बालकाची स्थिती जन्मानंतर नोंदवली जात असे. जन्मापूर्वी ती ओळखून जोखीम टाळण्याचे साधन समाजाला सर्रास उपलब्ध नव्हते. 'अडलेली बाळंतीण' हा शब्दही संकट येऊन ठेपल्यानंतरचाच आहे.

२. हात आणि कान : पाश्चात्त्य वैद्यकातील परिवर्तन

एकोणिसाव्या शतकात हे चित्र बदलू लागले. १८१६ मध्ये लेनेक याने स्टेथोस्कोप शोधला. त्यानंतर काही वर्षांतच, १८२१ मध्ये, केर्गारादेक या फ्रेंच वैद्याने गर्भवतीच्या पोटावर स्टेथोस्कोप ठेवून ऐकू येणाऱ्या बालकाच्या हृदयध्वनीचे महत्त्व मांडले. बालक जिवंत आहे की नाही, हे आईला न विचारता कळण्याचा मार्ग यामुळे खुला झाला. शतकाच्या अखेरीस पिनार याने तयार केलेली कर्ण्यासारखी नळी इतकी साधी होती, की तिचे वंशज असलेले फीटोस्कोप भारतातील उपकेंद्रांत आजवर वापरात राहिले. याच काळात पोटावर हाताने चाचपून बालकाचे डोके, पाठ व पाय कोठे आहेत हे ओळखण्याची पद्धत लिओपोल्ड याने सूत्रबद्ध केली. पायाळूपण जन्मापूर्वी ओळखणे त्यामुळे शक्य झाले.

या ज्ञानाशी महाराष्ट्राचा संबंध फार लवकर आला. कल्याण येथे १८६५ मध्ये जन्मलेल्या डॉ. आनंदीबाई जोशी यांनी वयाच्या चौदाव्या वर्षी आपले पहिले अपत्य जन्मानंतर दहा दिवसांतच गमावले. पुढे त्या अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात गेल्या आणि १८८६ मध्ये वैद्यकीय पदवी मिळविली. त्यांच्या प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता, ही बाब येथे विशेष महत्त्वाची आहे. परंपरेतील ज्ञान आधुनिक वैद्यकासमोर मांडण्याचा तो एका मराठी स्त्रीचा प्रयत्न होता. १८८७ मध्ये त्यांचे अकाली निधन झाल्याने हा दुवा पुढे जाऊ शकला नाही. मात्र १८८५ मध्ये स्थापन झालेला डफरिन निधी, १८८६ मध्ये सुरू झालेले मुंबईचे कामा रुग्णालय आणि १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने उभे राहिलेले पुणे सेवासदन यांमुळे स्त्री-डॉक्टर व परिचारिकांची परंपरा निर्माण झाली.

तरीही या संस्थांचा भर प्रामुख्याने प्रसूतीवर व आजारावर होता. निरोगी गरोदर स्त्रीने ठरावीक अंतराने तपासणीसाठी यावे, ही कल्पनाच नवी होती. एडिंबरा येथील बॅलंटाइन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी तिचा पुरस्कार केला. १९२९ मध्ये ब्रिटनच्या आरोग्य मंत्रालयाने १६, २४ व २८ व्या आठवड्यात, नंतर ३६ व्या आठवड्यापर्यंत दर पंधरवड्याला आणि त्यापुढे दर आठवड्याला तपासणी असा क्रम सुचविला. पुढील कित्येक दशके जगभर हाच क्रम प्रमाण मानला गेला. एकदा पाहण्याऐवजी पुनःपुन्हा पाहणे, हे त्याचे मूळ तत्त्व होते.

३. मुंबई, १९२८ : आईचे रक्त आणि आईचे श्रम

गर्भाची देखरेख म्हणजे आईच्या पोषणाची देखरेख, हे सत्य शास्त्रीय पातळीवर मांडण्यात मुंबईचा वाटा मोठा आहे. १९२८ मध्ये ब्रिटिश संशोधक ल्युसी विल्स मुंबईत आल्या. डॉ. मार्गारेट बालफोर यांच्या प्रयत्नांमुळे गरोदरपणातील रक्तक्षयाचा अभ्यास येथे सुरू झाला होता. गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब गरोदर स्त्रियांमध्ये आढळणाऱ्या तीव्र रक्तक्षयाचा संबंध आहाराशी आहे, हे विल्स यांनी दाखविले. यीस्टच्या स्वस्त अर्काने तो बरा होतो, हा त्यांचा निष्कर्ष १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या अर्कातील घटकाची ओळख पुढे फोलिक आम्ल म्हणून पटली. १९४१ मध्ये तो पालकाच्या पानांपासून वेगळा करण्यात आला. आज राज्यातील प्रत्येक उपकेंद्रात गरोदर मातेला मिळणाऱ्या लोह व फोलिक आम्लाच्या गोळीचा इतिहास असा मुंबईच्या गिरणगावातून जातो.

त्याच वर्षी मुंबईच्या कायदेमंडळात गिरणी कामगार स्त्रियांना प्रसूतीच्या आधी व नंतर सवेतन विश्रांती देणाऱ्या विधेयकावर चर्चा झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्याला पाठिंबा दिला. प्रसूतिपूर्व काळातील विश्रांती ही राष्ट्रहिताची बाब आहे आणि तिचा भार शासनानेही उचलला पाहिजे, अशी भूमिका त्यांनी मांडली. १९२९ मध्ये मुंबई प्रसूतिलाभ कायदा अस्तित्वात आला. प्रयोगशाळा आणि कायदेमंडळ या दोन ठिकाणी एकाच वेळी एकच गोष्ट स्पष्ट होत होती : बालकाची वाढ आईचे ताट आणि आईचे श्रम यांवर अवलंबून असते.

परंतु या दोन्ही घडामोडींचा परीघ मर्यादित होता. कायदा कारखान्यातील स्त्रियांपुरता होता. शेतमजूर स्त्री त्याच्या बाहेर होती. मराठवाडा तर निजामाच्या हैदराबाद संस्थानात असल्यामुळे मुंबई इलाख्याच्या कायद्याचा त्याच्याशी संबंधच नव्हता.

४. संस्थानी राजवटीपासून प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. किनवटचा भाग त्यापूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात होता; तो याच वेळी नांदेडला जोडला गेला. सीमेवरील हा तालुका आधी तेलंगणातील जिल्ह्याचे टोक होता आणि नंतर मराठवाड्याचे टोक झाला. दोन्ही व्यवस्थांमध्ये तो केंद्रापासून दूरच राहिला.

आरोग्यसेवेचे जाळेही उशिरा विणले गेले. मराठवाड्यातील पहिले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ मध्ये औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथे सुरू झाले. अंबाजोगाईला १९७० च्या दशकात आणि नांदेडला १९८८ मध्ये अशी महाविद्यालये आली. मुंबईत ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय १८४५ मध्येच सुरू झाले होते, हे लक्षात घेता हे अंतर शतकाहून अधिक ठरते.

ग्रामीण भागात भोर समितीच्या १९४६ च्या अहवालाने माता-बालसंगोपनाला प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कार्यात स्थान दिले. सपाट प्रदेशात ३०,००० लोकसंख्येमागे एक केंद्र व ५,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, तर डोंगराळ व आदिवासी भागात अनुक्रमे २०,००० व ३,००० असे प्रमाण पुढे ठरले. गर्भाच्या देखरेखीचे दैनंदिन काम उपकेंद्रातील आरोग्यसेविकेकडे आले. तिची साधने साधी होती : वजनकाटा, रक्तदाबमापक, रक्त-लघवी तपासणी, मोजपट्टी आणि फीटोस्कोप. साधारण २४ व्या आठवड्यानंतर जघनास्थीपासून गर्भाशयाच्या वरच्या टोकापर्यंतची सेंटिमीटरमधील उंची गर्भाच्या आठवड्यांइतकी भरते. ती सलग दोन तपासण्यांत वाढली नाही, तर बाळाची वाढ खुंटल्याची शंका घेता येते. लघवीतील प्रथिने व वाढता रक्तदाब झटक्यांचा पूर्वइशारा देतात. यांतील कोणत्याही तपासणीस वीज अथवा तज्ज्ञ लागत नाही. लागते ती त्याच स्त्रीची, त्याच पद्धतीने, पुन्हा होणारी तपासणी.

अशी देखरेख गावातील सामान्य स्त्रीही करू शकते, हे मराठवाड्याच्या सीमेलगतच्या जामखेडने दाखविले. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तेथे सुरू केलेल्या प्रकल्पात गावातील, बहुधा अल्पशिक्षित वा निरक्षर स्त्रियांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून प्रशिक्षण देण्यात आले. गरोदर स्त्रीची तपासणी व धोक्याची लक्षणे ओळखणे हा त्यांच्या कामाचा भाग होता. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने 'आशा' या नावाने गावपातळीवरील कार्यकर्ती सर्वत्र नेमली, तेव्हा अशा प्रयोगांचा अनुभव देशासमोर होता.

५. प्रतिमेचे आगमन आणि देखरेखीचा विपर्यास

१९५८ मध्ये ग्लासगो येथील इयान डोनाल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी ध्वनिलहरींच्या साहाय्याने उदरातील प्रतिमा मिळविण्याची पद्धत प्रसिद्ध केली. गर्भाचे वय, वाढ, वारेचे स्थान, जुळी बालके आणि शारीरिक व्यंगे ओळखण्यासाठी सोनोग्राफीचा उपयोग निर्विवाद आहे. बालक प्रथमच थेट 'दिसू' लागले.

मात्र दिसण्याबरोबर निवडीचा प्रश्नही आला. गर्भजल परीक्षणाचा लिंगनिदानासाठी होणारा वापर १९८० च्या दशकात मुंबईत उघड झाला. स्त्री संघटनांच्या लढ्यानंतर महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशातील पहिला प्रतिबंधक कायदा केला. केंद्रीय कायदा १९९४ मध्ये संमत होऊन १९९६ पासून अमलात आला आणि २००३ मध्ये त्याची व्याप्ती वाढविण्यात आली. तरीही शून्य ते सहा वयोगटातील दर हजार मुलांमागे मुलींची संख्या राज्यात १९९१ मध्ये ९४६, २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ अशी घटत गेली. मराठवाड्यातील बीड जिल्ह्यात ती २०११ मध्ये ८०७ पर्यंत खाली आली.

या आकड्यांमागे देखरेखीच्या क्रमाची उलथापालथ दडलेली आहे. आधी वजन, रक्त व रक्तदाब यांची नियमित नोंद आणि नंतर प्रतिमा, हा शास्त्रीय क्रम होता. बाजाराने प्रतिमा आधी पोहोचविली. आईचे हिमोग्लोबिन ठाऊक नाही, पण बालकाचे लिंग ठाऊक आहे, अशी विसंगत अवस्था त्यातून निर्माण झाली. बालकाच्या कल्याणासाठी घडलेले साधन मुलीच्या बाबतीत तिच्याच विरुद्ध वापरले गेले.

६. नोंदीचे सातत्य : माहेर, स्थलांतर आणि कार्ड

राज्याची एकूण प्रगती नाकारता येत नाही. दर लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यूंचे प्रमाण २००४-०६ मधील १३० वरून २०१८-२० मध्ये ३३ वर आले. रुग्णालयातील प्रसूतींचे प्रमाण ९० टक्क्यांच्या पुढे गेले. परंतु २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार राज्यातील सुमारे ४५ टक्के गरोदर स्त्रिया रक्तक्षयग्रस्त होत्या. प्रसूतीची जागा बदलली. गर्भ ज्या शरीरात वाढतो, त्या शरीराची अवस्था मात्र त्या वेगाने बदलली नाही.

डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली पुणे परिसरातील खेड्यांत १९९३ पासून झालेला अभ्यास याच दिशेने निर्देश करतो. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बालकांचे सुमारे ३.५ किलो होते. वजन कमी असूनही येथील बालकांत चरबीचे प्रमाण तुलनेने टिकून होते. म्हणजे स्नायू व अवयवांची वाढच उणी राहत होती. हिरव्या पालेभाज्या, फळे व दूध घेणाऱ्या मातांच्या बालकांची वाढ तुलनेने चांगली आढळली. अशा बालकांना प्रौढपणी मधुमेहाचा धोका अधिक संभवतो, ही मांडणीही या संशोधनातून पुढे आली.

इस्लापूरसारख्या भागात या देखरेखीचा धागा मुख्यतः दोन ठिकाणी तुटतो. पहिले ठिकाण माहेर आहे. पहिल्या बाळंतपणासाठी सातव्या-आठव्या महिन्यात मुलीला माहेरी नेण्याची रीत आहे. मायेची व विश्रांतीची ही सोय मोलाची आहे. पण २८ व्या आठवड्यात सुमारे एक किलोचे असलेले बालक पूर्ण दिवसांपर्यंत तीन किलोच्या जवळ जाते. ज्या तीन महिन्यांत वाढ सर्वाधिक, नेमक्या त्याच काळात स्त्रीचे गाव, उपकेंद्र आणि आरोग्यसेविका बदलते. दुसरे ठिकाण स्थलांतर आहे. दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातील हजारो जोडपी ऊसतोडीसाठी कोयता घेऊन बाहेर पडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. हा काळ सहज पाच-सहा महिन्यांचा, म्हणजे अर्ध्याहून अधिक गरोदरपणाचा असतो. फडात मोळी उचलणाऱ्या गरोदर स्त्रीला १९२९ च्या कायद्यातील विश्रांतीचे तत्त्व अजूनही पुरतेपणी लागू झालेले नाही.

शासनाने या दोन्ही उणिवांवर उपाय योजले आहेत. आदिवासी भागात १९९५ पासून नवसंजीवन योजना आणि २०१५ पासून गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचा चौरस आहार देणारी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना, तसेच २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेची प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानातील तपासणी आणि २०१७ पासून मातृवंदना योजनेचे अर्थसाहाय्य, या सर्वांचा त्यात समावेश होतो. नोंदीच्या दृष्टीने मात्र आईच्या हाती असणारे माता व बाल संरक्षण कार्ड सर्वांत महत्त्वाचे आहे. नोंदवही गावात राहते. कार्ड आईबरोबर माहेरी आणि फडावर जाऊ शकते. मात्र दुसऱ्या गावची सेविका ते उघडून वाचेल, त्यात पुढचे वजन लिहील आणि आधीच्या वजनाशी ताडून पाहील, तेव्हाच त्या कागदाचे देखरेखीत रूपांतर होते.

निष्कर्ष

१. गर्भाकडे लक्ष देण्याची परंपरा महाराष्ट्रात प्राचीन आहे. तिच्यात आईच्या अनुभवाला महत्त्व होते; मात्र धोका जन्मापूर्वी ओळखण्याची साधने अपुरी होती.

२. मुंबईत १९२८ ते १९३१ या काळात गर्भाची वाढ आईच्या आहाराशी व श्रमाशी असलेल्या नात्यातून पाहिली गेली. हा महाराष्ट्राचा मौलिक वारसा असून मराठवाड्याला तो राजकीय सीमांमुळे उशिरा लाभला.

३. सोनोग्राफीचा प्रसार मूलभूत तपासण्यांच्या पुढे धावल्याने आईकडे दुर्लक्ष आणि मुलीवर अन्याय अशी दुहेरी हानी झाली.

४. माहेर व स्थलांतर या दोन सामाजिक वास्तवांना गृहीत धरूनच नोंदीची व्यवस्था आखली पाहिजे. स्त्रीने एका गावी थांबावे, अशी अपेक्षा ठेवणाऱ्या व्यवस्थेपेक्षा स्त्रीबरोबर चालणारी नोंद अधिक उपयुक्त ठरेल.

पैनगंगेकाठच्या गावात वजनकाटा, मोजपट्टी आणि रक्ततपासणी यांचे मोल आजही कमी झालेले नाही. ही साधने दर महिन्याला त्याच आईपर्यंत पोहोचतात की नाही, यावरच तेथील बालकाचे जन्मवजन आणि आईचे प्राण अवलंबून राहतील.